सोबत हवीच, पण साडेतीन हजार किलोमीटर?

नमस्कार काका. (तुमच्या प्रतिक्रियेत ‘आमच्या वेळी’ इतक्यांदा आलंय की काका म्हणायची परवानगी मी गृहीत धरतोय.)

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. अमेरिकेतला अ‍ॅपलेशियन ट्रेल एका दमात पूर्ण करायला निघणाऱ्यांनी अख्ख्या वाटेसाठी पार्टनर शोधत बसू नये, फार तर सुरुवातीच्या दोन आठवड्यांपुरता शोधावा, आणि तंबू, स्टोव्ह, पाण्याचा फिल्टर प्रत्येकाने आपापला घ्यावा, असं मी लिहिलं होतं. काकांच्या मते हा सल्ला बेजबाबदार आहे. डोंगरात एकट्याने जायचं नाही हा पहिला धडा. सामान वाटून घेतलं की ओझंही निम्मं आणि खर्चही निम्मा. २०१३ साली मेन राज्यात वाट चुकून जीव गमावलेल्या बाईंना मी विसरलो का. आणि न्यू जर्सीत राहून मी ‘ज्याचं त्याने बघावं’ एवढंच शिकलो. शेवटच्या मुद्द्यावर माझी आईही तुमच्याच बाजूने आहे, त्यामुळे तिथे मी वाद घालत नाही. बाकीच्यांवर घालतो.

सह्याद्रीपुरता तुमचा नियम मला शंभर टक्के मान्य. कमीत कमी चौघं हवेत: एक पडला तर एक त्याच्यापाशी थांबेल, दोघं गावात जाऊन माणसं आणतील. पण हा नियम तिथल्या डोंगरातून आलाय. पावसाळ्यात धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, ढोरवाटा आणि खरी वाट सारखीच दिसते, आणि चुकीच्या घळीत उतरलं की खाली थेट कडा. तिथे वाट माहीत असलेला माणूस नसेल तर घरी बसावं.

अ‍ॅपलेशियन ट्रेल जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत जातो. १४ राज्यं, सुमारे २,१९० मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर. वाटेवर झाडांवर आणि खडकांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगवलेले असतात. साधारण दर आठ-दहा मैलांवर तीन भिंतींचं शेल्टर. मार्च-एप्रिलमध्ये जॉर्जियाहून निघालात तर एकटेपणा शोधूनही सापडत नाही. शेल्टरमध्ये पाय पसरायला जागा मिळाली तरी नशीब. पाय मुरगळून बसलात तर मागून कोणीतरी येतंच. त्या गर्दीत ‘एकटा निघाला’ याचा अर्थ एवढाच की घरून निघताना कोणाशी करार केला नाही.

आता चालीचं बघू. दोघं मित्र, एकाची चाल ताशी दोन मैल, दुसऱ्याची अडीच. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. सोळा मैलांच्या दिवसाला पहिल्याला आठ तास लागतात, दुसऱ्याला साडेसहाच्या आत. म्हणजे रोज दीड तासाहून जास्त वेळ दुसऱ्याने कुठेतरी उभं राहायचं. कुठे? बहुधा चढ संपतो त्या धारेवर, कारण ‘वर भेटू’ असंच ठरलेलं असतं. पाठीला चिकटलेला ओला शर्ट, समोरून वारा, आणि एप्रिलमध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये बर्फही पडतो. हायपोथर्मियाला (शरीराचं तापमान धोक्याइतकं उतरण्याला) पारा शून्याखाली जावाच लागतो असं नाही, भिजलेला आणि न हलणारा माणूस पुरतो. उलट, मागचा गडी आपल्यामुळे खोळंबा नको म्हणून ओढाताण करतो आणि नडगी नाहीतर गुडघा धरून बसतो. दोन दिवसांच्या ट्रेकला हे खपून जातं. पाच-सहा महिन्यांत मैत्री जाते, नाहीतर गुडघा.

२०१३ चं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरंच झालं. त्या ६६ वर्षांच्या बाई एकट्या निघाल्या नव्हत्या. वेस्ट व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीहून मैत्रिणीबरोबर उत्तरेकडे निघाल्या होत्या, शिवाय नवरा गाडी घेऊन ठरलेल्या रस्त्यांवर सामान आणून देत होता. न्यू हॅम्पशायरमध्ये घरच्या अडचणीमुळे मैत्रिणीला परत फिरावं लागलं आणि बाई पुढे एकट्या गेल्या. जुलैमध्ये मेनच्या जंगलात लघवीसाठी वाटेपासून जरा आत गेल्या, आणि परत वाट सापडली नाही. नवऱ्याला केलेले मेसेज नेटवर्कअभावी गेलेच नाहीत. उपग्रहावरून सिग्नल देणारं यंत्र मोटेलमध्ये राहिलं होतं. त्यांच्या वहीतल्या नोंदींवरून कळतं की त्या किमान २६ दिवस जिवंत होत्या. अवशेष सापडले ते २०१५ मध्ये. यातून ‘पार्टनर हवा’ एवढंच निघतं का काका? मला तर दिसतं की पार्टनर कोणत्याही दिवशी जाऊ शकतो, आणि त्याच्याबरोबर नकाशा वाचायची अक्कल, होकायंत्र किंवा स्टोव्ह गेला तर मागे उरलेला माणूस अर्धा उरतो. म्हणून आपापलं सामान. स्वार्थ म्हणून नव्हे.

आणि ओझं निम्मं होतं हे तुम्ही एकदा वजनकाट्यावर बघाच. दोघांच्या हलक्या तंबूतला आपला वाटा सहाशे ग्रॅम धरा, एकट्याचा तंबू नऊशे-हजार. वाचले तीन-चारशे ग्रॅम. स्लीपिंग बॅग, कपडे, पाणी यांत वाटणी नाहीच. पाच दिवसांचा शिधाच चार किलोच्या आसपास जातो, आणि तो ज्याचा त्यालाच खायचा असतो.

सोबत हवी अशा जागा आहेतच, आणि त्या मी मूळ लेखात लिहिल्या होत्या; तुम्ही तिथपर्यंत पोचायच्या आधीच चिडलात असा मला संशय आहे. न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये वाट झाडांची हद्द सोडून उघड्या खडकावर येते. त्यातल्या माउंट वॉशिंग्टनची उंची जेमतेम ६,२८८ फूट, पण १९३४ मध्ये तिथे ताशी २३१ मैलांचा वारा मोजला गेलाय. पुढे मेनमध्ये महूसक नॉच: एक मैलभर नुसते घरांएवढे धोंडे, काही ठिकाणी सॅक काढून आधी ती पलीकडे द्यावी लागते, मग आपण सरपटत जायचं. तिथे पलीकडे सॅक धरायला हात असला की काम सोपं होतं. कटाडिनच्या आधीचं हंड्रेड माइल वाइल्डरनेसही (शंभर मैलांचा निर्जन जंगलपट्टा) दोघांनी करावं.

म्हणजे सोबत पट्ट्यापट्ट्याने शोधायची. भारतातून येणाऱ्यांना तर दुसरा इलाजच नसतो. व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्याला एका खेपेला बहुधा सहा महिने राहता येतं, ट्रेलला पाच ते सात लागतात, आणि कटाडिन ज्या बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये आहे तिथला मुक्काम १५ ऑक्टोबरला बंद होतो. त्याचा इथला मराठी मित्र नोकरीत. त्याला सलग तीन आठवडे रजा मिळाली तरी मॅनेजरला पेढे द्यावे लागतील. अशा दोघांनी ‘पूर्ण एकत्र’ ठरवलं की एक जण पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या कॅलेंडरवर चालतो. त्यापेक्षा मित्राने रजा व्हाइट माउंटन्ससाठी राखून ठेवावी.

पार्टनर पारखायला फोनवरच्या गप्पा उपयोगाच्या नाहीत. आम्ही इकडे न्यू जर्सीतला पट्टा वापरतो: डेलावेअर वॉटर गॅपपासून सनफिश पाँडवरून उत्तरेला हाय पॉइंटकडे, तोही नोव्हेंबरच्या पावसात. इथे ट्रेलवर शेकोटीला बंदी आहे, मुक्काम ठरलेल्या जागीच, आणि अस्वलांमुळे जेवण शेल्टरजवळच्या लोखंडी पेटीत ठेवायचं. ऊब नाही, करमणूक नाही, अंधार पाच वाजता. माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. एका मित्राची एक्सेल शीट इतकी देखणी होती की मी भारावलो होतो. प्रत्यक्षात मी सहाला सॅक भरून उभा, आणि साहेब नऊ वाजता ओल्या मोज्यांकडे बघत दुसऱ्या चहाचं पाणी ठेवतायत. माणूस लाख मोलाचा, आजही क्रिकेट आम्ही एकत्रच बघतो. ट्रेल नाही.

तुमचा पुतण्या मार्चमध्ये मित्राबरोबर निघतोय असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे तुमचा राग कुठून आला ते कळतं. त्या दोघांना निघण्याआधी तुमच्यासमोर बसवा आणि विचारा: एकाचा पाय दुखावला तर दुसरा किती दिवस थांबणार, आणि त्यानंतर काय. उत्तर देताना दोघं एकमेकांकडे बघायला लागले तर अजून ठरलेलं नाही. सॅटेलाइट मेसेंजर दोघांकडे हवा, एकात भागवू नका, आणि रोज रात्री त्यावरून घरी ‘ठीक आहे’ एवढा मेसेज यायलाच हवा. किती तास आला नाही तर तुम्ही कोणाला फोन करायचा तेही आत्ताच लिहून ठेवा. ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कच्या थ्रू-हायकर (अख्खा ट्रेल एका दमात चालणाऱ्यांच्या) परमिटवर पार्क ओलांडायला आठ दिवस मिळतात. ते दोघांनी वेगवेगळं काढावं, छापून घ्यावं, आणि ज्याचं त्याने आपल्या सॅकमध्ये ठेवावं.