सीआरसी चूक दाखवतो, दुरुस्त करत नाही

'झिपमध्ये सीआरसी असतो, म्हणजे बॅकअप सुरक्षित' हे बॅकअपवरच्या एका लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. सीआरसी-३२, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तपासणी-आकडा, फाइल बिघडल्याचं फक्त सांगतो. झिपमध्ये निदान प्रत्येक फाइल वेगळी दाबलेली असते, त्यामुळे एक बाइट बिघडला तर सहसा एकच फाइल जाते. टार-जीझिपमध्ये सगळ्या फाइली एकत्र जोडून दाबतात, त्यामुळे त्या जागेपासून पुढचं सगळंच अडकू शकतं.

दुरुस्तीसाठी पार-२ आहे, खराब भाग परत उभा करता येईल असा जादा डेटा बनवणारं साधन. आधी आर्काइव्ह करा (सगळ्या फाइली एकाच फाइलीत बांधा), मग त्यावर १० टक्के रिकव्हरी डेटा. आर्काइव्हचे २००० ब्लॉक (सारखे तुकडे) पाडले तर २०० रिकव्हरी ब्लॉक मिळतात, आणि कुठलेही २०० खराब ब्लॉक परत उभे राहतात. २०१वा गेला की खेळ खलास. ब्लॉक फार मोठे नकोत, एका बाइटपायी अख्खा ब्लॉक खर्ची पडतो. (अख्खी डिस्कच गेली तर पार-२ काय करणार, दुसरी प्रत हवीच.)

आणि दोन प्रती जुळवून बदललेल्या फाइली कॉपी करणारा आरसिंक एरवी फक्त आकार आणि वेळ बघतो, आतली सड त्याला दिसत नाही. चेकसमचा (मजकुराचा तपासणी-आकडा ताडण्याचा) पर्याय दिला की दिसते, पण आधी ड्राय-रन (काहीही न बदलता नुसती चाचणी) घ्या. मूळ फाइलच सडली असेल तर तो चांगल्या प्रतीवर तीच सडकी फाइल निमूटपणे चढवतो.