‘शरीरातलंच आहे’ म्हणून फिटच्या गोळ्या सोडायच्या?

खानापूरपासून निपाणीपर्यंत आपल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतोय. मेंदू स्वतःच न्यूरोस्टिरॉइड (मेंदूत बनणारी हार्मोनसारखी रसायनं) बनवतो, त्यानेच डोकं शांत राहतं. म्हणून फिट येणाऱ्यांनी आणि बाळंतिणींनी डॉक्टरच्या गोळ्या सोडून प्रेग्नेनोलोन या अशाच एका न्यूरोस्टिरॉइडच्या कॅप्सूल घ्याव्यात, नैसर्गिक असल्याने अपाय नाही.

‘मेंदू बनवतो’ हे खरं. फ्रेंच संशोधक एत्येन-एमिल बोलिए यांनी 1981 मध्ये या रसायनांना न्यूरोस्टिरॉइड हे नाव दिलं.

‘डोकं शांत राहतं’ हे अर्धंच. प्रेग्नेनोलोनपासून शरीर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवतं. त्यापासून बनणारं ॲलोप्रेग्ननोलोन मेंदूच्या पेशीला शांत करणाऱ्या गाबा-ए रिसेप्टरवर (पेशीवरच्या रासायनिक कुलपावर) बसतं, तिथली क्लोराइडची वाट जास्त वेळ उघडी ठेवतं आणि पेशी निवते. पण प्रेग्नेनोलोनपासूनच बनणारं प्रेग्नेनोलोन सल्फेट नेमकं उलटं वागतं. गाबा-एला दाबतं, पेशीला उत्तेजित करणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरला चेतवतं. कॅप्सूल गिळल्यावर शरीर त्यातून यातलं काय बनवेल, हे कुणाच्याच हातात नाही. फिटच्या माणसावर असला प्रयोग करायचा?

‘अपाय नाही’ हे तर साफ खोटं. ॲलोप्रेग्ननोलोनच औषध म्हणून, ब्रेक्सानोलोन या नावाने, 2019 मध्ये अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मंजूर झालं. ते सलग 60 तास शिरेतून, दवाखान्यातच द्यावं लागायचं, कारण पेशंट अचानक बेशुद्ध पडू शकते. रेणू शरीरातलाच, तरीही!

बाळंतिणीचं दुखणं मात्र खरं आहे. गरोदरपणात खूप वाढलेलं ॲलोप्रेग्ननोलोन बाळंतपणानंतर झपाट्याने उतरतं, आणि काहीजणींना ते झेपत नाही. माहेरी शेक-शेगडी, डिंकाचे लाडू सगळं चाललेलं असतं, बाळ गाढ झोपलेलं असतं, आणि लेक रात्रभर टक्क जागी. तिला ‘तुला काय कमी आहे गं?’ विचारू नका. 14416 या टेलीमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत क्रमांकावर फोन लावून द्या, मराठीतूनही बोलता येतं.

‘मग प्रोजेस्टेरॉन तरी घ्यावं’ असंही मेसेजमध्ये पुढे जोडलंय. पाळीच्या आधी ते उतरतं तेव्हा काहीजणींच्या फिट वाढतात, हे बरोबर. पण 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकंदरीत प्रोजेस्टेरॉन नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. फायदा दिसला तो पाळीच्या सुमारास फिट फारच वाढणाऱ्या बायकांत. त्यामुळे घरच्या कॅलेंडरवर पाळीची आणि फिटची तारीख लिहा, ते पान डॉक्टरांना दाखवा. तोवर चालू गोळी एक दिवसही चुकवू नका. ती एकदम बंद केली तर एकामागून एक फिट येत राहू शकतात, आणि त्यात माणूस दगावूही शकतो.