पोहणं निर्धास्त, पळणं जीवघेणं? काका, उलटं आहे

खानापूरच्या काकांनी गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. ‘चाळिशीनंतर ट्रायथ्लॉन? आधी हे वाचा, जीव वाचवा.’ खाली सहा मुद्दे आणि शेवटी ‘मुंबईतील एक नामवंत हृदयरोगतज्ज्ञ’. नाव नाही, दवाखाना नाही, तारीख नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर तोच मेसेज कन्नडमधून आला. तिथे तज्ज्ञ बेंगळुरूचे झाले होते.

असले मेसेज मी न वाचताच पुसते. हा पुसला नाही, कारण दादाने तो वाचला. दादा 47 वर्षांचा. यंदा माझ्याबरोबर पहिल्यांदाच स्प्रिंट ट्रायथ्लॉनला उतरायचं म्हणतोय. 750 मीटर पोहणं, त्यावर 20 किलोमीटर सायकल, त्यावर 5 किलोमीटर पळणं, मध्ये विश्रांती नाही. मेसेज वाचून तो घाबरून घरी बसला असता तरी मी समजू शकले असते. त्याने नेमकं उलटं केलं. जिथे घाबरायला हवं तिथे निश्चिंत झाला आणि जिथे काही नव्हतं तिथे धास्तावला. म्हणून हे लिहितेय.

सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करते, कारण मेसेजचं सगळं विष तिथेच आहे. जसाच्या तसा देते: ‘पोहताना पाणी शरीराचं वजन पेलते, त्यामुळे हृदयावर ताण येत नाही. बीपीवाल्यांनीही निर्धास्त पोहावे. खरा धोका पळताना. विहिरीत, नदीत पोहायला शिकलेल्यांना वेगळ्या सरावाची गरज नाही. दम लागला तरी थांबू नये, थांबला तो बुडाला.’

अमेरिकेतल्या ट्रायथ्लॉनमधल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास 2017 मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये छापून आला. 1985 ते 2016 या काळातल्या 135 घटना त्यात तपासल्या आहेत. 15 जण सायकलवरच्या अपघातात गेले. उरलेल्या 120 घटना म्हणजे अचानक आलेला मृत्यू किंवा अचानक बंद पडलेलं हृदय, ज्यातले 13 जण वाचले. आता या 120 जणांना कुठे गाठलं ते बघा. पळताना 15. सायकलवर 7. शर्यत संपल्यावर 8. आणि पोहताना 90. काका, नव्वद. चारातले तीन पाण्यात, तेही शर्यतीच्या सगळ्यात छोट्या टप्प्यात. तुमचा तज्ज्ञ म्हणतो तिथे निर्धास्त राहा.

एकूण धोका फार मोठा आहे असं मी म्हणत नाही. त्याच अभ्यासात तो लाख स्पर्धकांमागे 1.74 निघालाय. मुद्दा धोका कुठे असतो हा आहे.

‘पाणी वजन पेलते’ हे खरंच आहे, पण ते गुडघ्याचं झालं. छातीपर्यंत पाण्यात उतरलं की पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त वर छातीकडे ढकललं जातं आणि हृदयाला एकदम जास्त रक्त हाताळावं लागतं. त्यात पहाटेचं गार पाणी, त्यात घाबरणं, त्यात शेजारच्याची लाथ. पळताना चक्कर आली तर माणूस रस्त्याच्या कडेला बसतो, कुणीतरी ‘काय झालं?’ म्हणून विचारतं. पाण्यात तो शंभर टोप्यांतली एक टोपी असतो, आणि ती टोपी दिसेनाशी झाल्याचं कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

आणि आता आमची विहीर. मी आणि दादा पोहायला शिकलो ते काकांच्याच शेतातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, आणि डबा सोडायच्या दिवशी काकांनी मागून न सांगता ढकलून दिलं होतं. त्याबद्दल मनात अजून थोडा राग आहे, पण उपकार मोठे आहेत. विहीर फार तर तीस फूट रुंद. दहाबारा हात मारले की समोरची कपार, कपारीला धरून दम खायचा, मग परत. 750 मीटर म्हणजे त्या विहिरीच्या 82 फेऱ्या, एकदाही कपारीला हात न लावता. आमच्यापैकी कुणी आठ तरी केल्या होत्या का?

तळ्यात काय होतं ते दादाने मागच्या महिन्यात अनुभवलं. परवानगी काढून, बोट आणि दोन पट्टीचे पोहणारे सोबत घेऊन आम्ही सात जण उतरलो होतो. स्विमिंग पूलमध्ये दादा चाळीस फेऱ्या आरामात मारतो. तळ्यात पहिल्या शंभर मीटरलाच त्याचं डोकं पाण्याबाहेर राहू लागलं. खाली बघितलं तर तळ नाही, काळी रेघ नाही, स्वतःची बोटंसुद्धा कोपरापासून पुढे हिरव्या गढूळात गायब. गॉगलवर वाफ. श्वास नुसता आत जातोय, बाहेर पडतच नाही. त्याने मला हाक मारली ती ‘ताई’ म्हणून. मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान आहे. बोटीच्या कडेला धरून तो चार मिनिटं लोंबकळत होता, ओठ पांढरे पडले होते, आणि बोटवाला मात्र शांतपणे बिडी विझवून म्हणाला, ‘पाठीवर पडा साहेब, आभाळ बघा.’ पाठीवर पडला, श्वास लागला, परत आला.

‘दम लागला तरी थांबू नये’ हे त्या वेळी दादाच्या डोक्यात असतं तर? शर्यतीच्या नियमांतसुद्धा थांबायची मुभा आहे. पाण्यावर तरंगणारा बोया धरा, उभी असलेली बोट धरा, दम खा. त्यांच्या आधाराने पुढे सरकला नाहीत तर बाद होत नाही. मदत हवी असेल तर हात वर करून हाक मारायची. नवख्याला हे पहिल्या दिवशी शिकवतात. मेसेज लिहिणारा पाण्याच्या काठाला तरी कधी गेला होता का, असा मला प्रश्न पडतो.

पाचवा मुद्दा पाण्याचाच, पण पिण्याच्या. ‘शर्यतीआधी दोन तासांत किमान चार लिटर पाणी प्यावे. तहान लागेपर्यंत थांबू नये. मळमळले तर अजून प्यावे.’ हे दादाने गेल्या रविवारी सरावाआधी करून बघितलं. चार जमलं नाही, तीन लिटर ढोसलं, तेही डिसेंबरात, बेळगावच्या थंडीत, जेव्हा घाम यायला सहा किलोमीटर लागतात. अर्ध्या वाटेत डोकं धरलं, बोटातली अंगठी रुतली, ओकारी काढली. वहिनी मेसेज वाचून बाटली पुढे करत होती. आमच्यातल्या एका डॉक्टरांनी ती हिसकावून घेतली. पाणी भसाभस पीत गेलं आणि मूत्रपिंडाला ते बाहेर टाकणं जमेना, की रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. मेंदूला सूज येऊ शकते, झटके येऊ शकतात, मोठ्या मॅरेथॉनमध्ये यानं माणसं दगावली आहेत. मळमळ हे त्याचंच एक लक्षण. त्यावर अजून पाणी पाजायचं म्हणजे आगीवर रॉकेल. तहान लागेल तसं प्यावं, एवढं साधं आहे ते.

बाकीचे भराभर.

‘पळण्याने गुडघे झिजतात.’ बसून झिजत नाहीत असं वाटतं का? पहिल्याच आठवड्यात अंतर दुप्पट केलं तर गुडघा बोंबलणारच, तो गुडघ्याचा दोष नाही.

‘स्त्रियांनी हा खेळ टाळावा.’ वरच्याच अभ्यासात पुरुषांचं प्रमाण लाखामागे 2.40 आणि बायकांचं 0.74. टाळायचाच असेल तर कुणी टाळावा, हे आकडेच सांगतात. काकूंना हे वाचून दाखवा.

‘हा परदेशी खेळ, आपल्या शरीराला मानवत नाही.’ 1974 साली सॅन दिएगोत सुरू झाला, कबूल. बेळगावच्या शेतात पिकतो तो बटाटाही पोर्तुगीजांनीच आणलाय, तो छान मानवतो.

सायकलबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही, आणि आमच्याकडे भीती वाटावी तर तिथे. वेंगुर्ला रोडने हिंडलगा, सुळगा, बाचीवरून शिनोळीपर्यंत जाऊन आम्ही वळतो, म्हणजे सरावाचा थोडा भाग महाराष्ट्रात होतो आणि दोन्ही राज्यांतले खड्डे सारखेच लागतात. गळीत हंगामात पहाटे उसाच्या दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल पट्टी. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि उजाडल्याशिवाय निघायचं नाही. यावर कुणीतरी मेसेज लिहा, मी स्वतः पुढे पाठवीन.

राहिला पहिला मुद्दा: ‘चाळिशीनंतर हृदयाची तपासणी केल्याशिवाय उतरू नये.’ हा बरोबर आहे. म्हणायला जिवावर येतं, पण बरोबर आहे. त्याच अभ्यासात 61 जणांचे शवविच्छेदनाचे अहवाल मिळाले आणि 27 जणांच्या हृदयात आधीपासूनच गंभीर दोष सापडला, बहुतेकांना तो माहीतही नसणार. त्या 135 जणांचं सरासरी वय सत्तेचाळिशीच्या आसपास. दादाचंच वय. साठीपुढच्या पुरुषांत तर प्रमाण लाखामागे 18.6 आहे. पण पुढच्याच ओळीत मेसेजने माती खाल्लीय: ‘ईसीजी नॉर्मल आला की बिनधास्त.’ पलंगावर निजून काढलेला ईसीजी निजलेल्या हृदयाबद्दल सांगतो. आपल्या आजोबांचा नॉर्मलच होता, काका, तुम्हीच रिपोर्ट आणायला गेला होता.

दादाची ट्रेडमिलवरची चाचणी मंगळवारी आहे. रिपोर्ट येईपर्यंत त्याने तळ्यात उतरायचं नाही असं ठरलंय. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर हळूहळू पळायला डॉक्टरांनी हरकत घेतलेली नाही, तेव्हा तेवढं चालू आहे, गुडघ्यांसकट.