घरातलं माइनिंग मशीन वीजबिल भागवत नाही

‘बिटकॉइनचं मशीन घरात साध्या प्लगवर लावा, ते दिवसभर गणितं सोडवेल, वीजबिल जाऊन महिन्याला पैसे सुटतील, बिल खुपलं तर सोलार आहेच,’ असा मेसेज फिरतोय. भोळ्या माणसाची पुंजी यात जाते, म्हणून एकेक दावा तपासू.

‘गणितं सोडवतं.’ सोडवत नाही, आकडे लावून बघतं. ब्लॉक म्हणजे बिटकॉइन व्यवहारांचा एक गठ्ठा; त्याच्या ८० बाइटच्या हेडरमधला (वरच्या मथळ्यातला) एक आकडा बदलायचा, त्या हेडरवर एसएचए-२५६ हे माहितीचा ठरावीक लांबीचा आकडा काढणारं सूत्र दोनदा चालवायचं, उत्तर ठरलेल्या मर्यादेखाली आलं का पाहायचं. आलं तर ब्लॉक तुमचा आणि बक्षीस म्हणून नवे बिटकॉइन, हेच माइनिंग; नाही आलं तर पुढचा आकडा. अँटमायनर एस२१ नावाचं माइनिंग मशीन हे सेकंदाला सुमारे २०० लाख कोटी वेळा करतं. जवळजवळ सगळे प्रयत्न वाया जातात, वीज मात्र प्रत्येकाला लागते.

‘पैसे सुटतात.’ हे मशीन ३,५०० वॅट खातं: दिवसाला ८४ युनिट, महिन्याला २,५२०. दहा रुपये युनिट धरलं तर २५,२०० रुपये. आता मिळकत. जगभरात दिवसाला साधारण १४४ ब्लॉक निघतात; एप्रिल २०२४पासून ब्लॉकमागे ३.१२५, म्हणजे रोज ४५० बिटकॉइन. जगातल्या सगळ्या मशीनांची मिळून ताकद १,००० एक्साहॅश (एक एक्साहॅश म्हणजे अशा ५,००० मशीनांइतकी) धरली तर तुमचा वाटा ५० लाखांत एक, महिन्याला ०.००२७ बिटकॉइन. ब्लॉकमधल्या व्यवहारांचं किरकोळ शुल्क सोडलं तर बिटकॉइनचा भाव ९३ लाख रुपयांखाली असला की नुसतं बिलही निघत नाही. मशीनची किंमत वेगळीच. जगात मशीनं वाढली की दर २,०१६ ब्लॉकनंतर काठिण्य चढतं, म्हणजे ती मर्यादा आणखी खाली जाते, वाटा घटतो, बिल तेवढंच राहतं. शिवाय विकताना नफ्यावर ३० टक्के कर, आणि माइनिंगची वीज त्यातून वजा करता येत नाही.

‘साधा प्लग पुरतो.’ हे सगळ्यात धोक्याचं. २३० व्होल्टवर १५ अँपिअर, तेही रात्रंदिवस. १६ अँपिअरच्या सॉकेटवर गिझर अर्धा तास चालतो, ते वेगळं. पिन जरा ढिली असली की तिथे रोध वाढतो, पिन तापते, सॉकेट आधी पिवळं पडतं, मग वितळतं. वर ३,५०० वॅटची सगळी उष्णता खोलीतच. ती काढायला एक टनाचा एसी अखंड चालवावा लागेल. त्याचं बिल वरच्या हिशेबात नाही.

‘सोलार आहेच.’ एक किलोवॅट पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं. ८४ युनिटला २१ किलोवॅट, म्हणजे दोन हजार चौरस फुटांच्या वर मोकळी, सावली नसलेली गच्ची हवी.