'नऊ हजार करा' म्हणणाऱ्यांसाठी

नेटवर्कवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'वॅन लिंक स्लो आहे? राउटरच्या इंटरफेसवर एमटीयू १५०० चा ९००० करा, स्पीड सहापट. मोठं पॅकेट नेटवर्क आपोआप तोडून घेतं. पिंग आला की काम फत्ते.' (वॅन म्हणजे दूरच्या ऑफिसांना जोडणारं नेटवर्क, एमटीयू म्हणजे इंटरफेसवरून एका वेळी जाणाऱ्या पॅकेटचं कमाल माप, बाइटांत, आणि पिंग म्हणजे समोरचं मशिन उत्तर देतंय का ते बघणारं छोटं पॅकेट.) महापे-रबाळे पट्ट्यातून तो मला तिघांनी पाठवला, त्यातला एक आमच्याच टीममधला.

आधी ते सहापटीचं. ९००० भागिले १५०० बरोबर सहा, एवढंच त्यात खरं आहे. लिंक १०० एमबीपीएसची असेल तर पॅकेट कितीही लांबवा, सेकंदाला बिट तेवढेच जाणार. वाचतो तो हेडरचा, म्हणजे प्रत्येक पॅकेटला चिकटणाऱ्या पत्त्याबित्त्याच्या बाइटांचा, बोजा. १५०० च्या पॅकेटला इथरनेटवर एकूण १५३८ बाइटांची जागा लागते, त्यातले १४६० कामाचे, म्हणजे साधारण ९५ टक्के. ९००० ला हाच हिशोब ९९ वर जातो. झाली ती तुमची सहापट! पंधरा डब्यांची लोकल आणली म्हणून ठाण्याहून वाशी लवकर येत नाही, आणि फलाट बारा डब्यांचा असेल तर मागचे तीन डबे फलाटाबाहेरच. शिवाय इंटरनेटवरचा समोरचा सर्व्हर बहुधा १५०० वरच असतो. टीसीपी (दोन मशिनींमध्ये डेटा नीट पोचवणारी पद्धत) जोडणी होतानाच तो 'एका पॅकेटात कामाचे १४६० बाइटच' असा आकडा, म्हणजे एमएसएस, सांगतो आणि तुमचे ९००० तिथेच बाद.

'आपोआप तोडून घेतं' हे सगळ्यात घातक. तोडतो तो राउटर, तेही आयपीव्ही४ मध्ये (आयपी या इंटरनेटच्या नियमावलीची जुनी आवृत्ती) आणि पॅकेटवर 'तोडू नका'चा बिट नसेल तरच. आजच्या बहुतेक मशिनी टीसीपीच्या पॅकेटवर तो बिट लावूनच पाठवतात. नव्या आयपीव्ही६ मध्ये तर वाटेतल्या राउटरला तोडायची मुभाच नाही. मग राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीने (नेटवर्कचे निरोप आणि पिंग नेणारा प्रोटोकॉल) कळवतो की एवढं जाणार नाही, इतकंच पाठव. १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजापासून ही सोय आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर सगळंच आयसीएमपी बंद करणारे महाभाग कमी नाहीत. निरोप तिथेच मरतो. आणि प्रोव्हायडरचा लेअर टू स्विच (आयपी न बघता नुसत्या फ्रेम, म्हणजे पॅकेटावरची इथरनेटची पाकिटं, पुढे ढकलणारा) निरोपाच्याही भानगडीत पडत नाही. फ्रेम मापाबाहेर दिसली की टाकली, विषय संपला.

जंबो फ्रेम, म्हणजे १५०० पेक्षा मोठी, वाईट असं माझं म्हणणं नाही. ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये एकाच हॉलमधल्या स्टोरेजसाठी मीही ९००० लावतो. दोन डेटा सेंटरांमधल्या लिंकवर प्रोव्हायडरने आकडा लेखी दिला असेल तर तिथेही लावा. फक्त सिस्को आयओएसवर ९००० म्हणजे आतलं पॅकेट आणि जुनिपरवर त्याच ९००० मध्ये इथरनेटचा १४ बाइटांचा हेडरही धरलेला, हे विसरलात तर ओएसपीएफचे (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) शेजारी राउटर एक्स-स्टार्ट या सुरुवातीच्या पायरीतच अडकून बसतील.

राहिला पिंग. विंडोजचा साधा पिंग ३२ बाइटांचा, तो जाणारच. माझ्या ओळखीतल्या एका ऑफिसात हेच घडलं. वागळे इस्टेट ते तुर्भ्याचं गोदाम, प्रोव्हायडरची इथरनेट लिंक, वर जीआरई टनेल (एक पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून नेणारी वाट). मेसेज वाचून कुणीतरी दोन्ही राउटरवर ९००० केलं. पिंग छान, लॉगिनचं पान उघडतंय, पण स्टॉकची यादी मागितली की स्क्रीन पांढरी. अर्धा दिवस सर्व्हरवाल्याला शिव्या खाव्या लागल्या.

गंमत अशी की पीसी सगळे १५०० वरच होते. आधी राउटर १५०० मधून जीआरईचे २४ वजा करून टनेलची मर्यादा १४७६ धरायचा आणि पीसीला तसं सांगायचा. आता त्याने ती ९००० वरून धरली. पीसीचं १५०० चं पॅकेट बिनतक्रार घेतलं, २४ चढवले आणि १५२४ करून लिंकवर सोडलं. प्रोव्हायडरकडे माप १५०० चंच, तिथे ते गडप.

मी 'तोडू नका' लावून पिंगचा आकार वाढवत नेला. १४४८ ला उत्तर आलं, १४४९ ला काहीच नाही. १४४८ मध्ये पिंगच्या हेडरचे २८ आणि जीआरईचे २४ मिळवा, बरोबर १५००. इंटरफेस परत १५०० वर आणला, टनेलला १४७६ आणि एमएसएस १४३६ बांधून दिला. सर्व्हरला हातही लावावा लागला नाही.