टार्टर सॉसमध्ये तातारांचं फक्त नाव

टार्टर सॉस, म्हणजे तळलेल्या माशाबरोबरचा आंबट सॉस, तातार या मध्य आशियातल्या भटक्या लोकांनी युरोपात नेला, हे एका लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. तातारांचं फक्त नाव आहे, सॉस फ्रेंच स्वयंपाकघरातला. फ्रेंच शेफ एस्कॉफियेच्या कृतीत उकडलेल्या अंड्यांचे बलक कुटून त्यात तेल आणि व्हिनेगर घालतात, वर चाइव्ह्ज (कांद्याच्या बारीक पातीसारखी पानं). त्याच्याच पाककृतींच्या पुस्तकाच्या १९२१ च्या आवृत्तीत कच्च्या मांसाचा स्टेक या सॉसबरोबर वाढायला सांगितलाय. 'स्टेक टार्टार' हे नाव त्यातूनच आलं.

मी घरी हा सॉस तसाच करते. बलक गाळणीतून घासून घ्यायचा, नाहीतर गुठळ्या राहतात. तेल अगदी थेंबथेंब. शेवटी बारीक चिरलेले केपर्स (खारवलेल्या आंबट कळ्या) आणि व्हिनेगरमधली काकडी. तळलेल्या माशाचा तेलकटपणा हा आंबटपणाच कापतो, बाटलीतल्या गोड मेयोनीजला ते जमत नाही.