रेकर घासा, काळं ऑइल ओता, आणि मग बोटं मोजा

‘छोट्या चेन-सॉला मोठीची ताकद, पाच फुकट उपाय’ हा फॉरवर्ड गेले काही दिवस फिरतोय. दुर्लक्ष केलं असतं. पण आज तो मामांकडून आला आणि खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘रविवारी करून बघतो.’ म्हणून हे उत्तर. पाच उपाय थोडक्यात असे: चेनचे रेकर सपाट घासा, बारला (चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) गाडीतून काढलेलं काळं ऑइल घाला, १४ ऐवजी २० इंची बार बसवा, सायलेन्सरची जाळी काढून कार्ब्युरेटरचा ‘एच’ स्क्रू (पूर्ण रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) आवळा, आणि पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल दुप्पट घाला.

सगळ्यात घातक पहिला, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलतो. रेकर म्हणजे प्रत्येक कापणाऱ्या दाताच्या पुढचा तो बुटका उंचवटा. फॉरवर्ड म्हणतो, ‘हा दाताला अडवतो, काढून टाका.’ अडवतोच, त्याचं कामच ते! दाताने एका वेळी किती लाकूड उचलायचं हे तो ठरवतो. घरगुती करवतीवर बहुतेक वेळा ३/८ लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांची चेन असते. तिच्यात रेकर दाताच्या माथ्यापेक्षा ०.६५ मिमी खाली असावा लागतो. तो सपाट केला की दात लाकूड कापत नाही, त्यात रुततो. ३५ सीसीच्या इंजिनात तेवढं ओढायची ताकद नसते. चेन अडते, क्लच घसरतो, त्याचा ड्रम तापून निळा पडतो आणि ऑइल पंप फिरवणारं प्लॅस्टिकचं गिअर वितळतं.

हा झाला यंत्राचा तोटा. माणसाचा त्याहून मोठा. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की अख्खी करवत वर आणि मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. यालाच किकबॅक म्हणतात. टोकाशी दात जितका खोल रुतेल तितका झटका मोठा. चेनचा वेग किती असतो हेही बघा: सहा दातांचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एका फेऱ्यात सुमारे ११ सेंटिमीटर चेन ओढतं. मिनिटाला १०,००० फेरे धरले तर सेकंदाला १८-१९ मीटर. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. श्टील या करवती आणि चेन बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत हेच सरळ छापलंय की रेकर जास्त खाली गेले तर किकबॅक वाढतो. चेन बनवणारेच सांगतायत, तर फॉरवर्डवाल्याचं कशाला ऐकायचं?

आता नाइलाजाने एक अर्धसत्य मान्य करतो. दाताचा माथा मागे उतरता असतो, त्यामुळे धार लावत गेलं की दात बुटका होतो आणि रेकर तेवढाच राहतो. मग चेन नवी धार असूनही भुसा काढते, ढलपी नाही. तेव्हा रेकर घासावाच लागतो. पण दर तीन-चार धारांनंतर, गेज पट्टी दातांवर ठेवून, खाचेतून वर डोकावेल तेवढाच. चपट्या कानशीचे दोन-तीन फटके, मग पुढची कड पुन्हा गोल करायची. अंदाजाने नाही, आणि ग्राइंडरने तर मुळीच नाही. काही चेनमध्ये किकबॅक कमी करायला मधल्या कड्यांवरही उंचवटे असतात. फॉरवर्डच्या हिशोबात तेही ‘अडथळे’च ठरायचे.

काळं ऑइल. त्याच पुस्तिकेत याचीही मनाई आहे, आणि कारण दिलंय: वापरलेल्या ऑइलशी त्वचेचा वारंवार संबंध आला तर त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. चालत्या चेनवरून हे ऑइल हातावर, पँटवर, जमिनीवर उडत राहतं. वर त्यात धातूचा कीस असतो, म्हणजे बारची खाच आणि पंप घासायची व्यवस्था आपणच केली. चिकटपणा नाही, त्यामुळे टोकापाशी ते चेनवर टिकतही नाही. बार-ऑइल नसेल तर एक वेळ नवं इंजिन ऑइल चालेल. खाण्याचं तेल घालून करवत महिनोनमहिने ठेवली तर ते चिकट गोंदासारखं घट्ट होतं. ऑइल पोचतंय का हे बघायचं असेल तर पुठ्ठ्यापासून वीतभर अंतरावर बारचं टोक धरून रेस द्या, पुठ्ठ्यावर रेघ उमटली पाहिजे.

२० इंची बार: छोट्या करवतीचा पंप तेवढ्या लांबीला ऑइल पुरवत नाही आणि इंजिन तेवढी चेन लाकडात ओढत नाही. आपल्या करवतीच्या पुस्तिकेत जी कमाल लांबी दिली असेल तिथेच थांबा.

जाळी आणि ‘एच’ स्क्रू: जाळी काजळीने बुजली की इंजिन गुदमरतं, हे खरं. मग काढा, तारेच्या ब्रशने साफ करा आणि परत बसवा. ठिणग्या अडवायला ती आहे, वाळक्या गवतात काम करताना हे कळेल. ‘एच’ आवळल्यावर आवाज चढतो आणि ताकद वाढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात पेट्रोल कमी झालेलं असतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येतं. थोड्याच वेळात पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने ओरखडतो. लाकडाबाहेर पूर्ण रेसला किंचित अडखळता आवाज हवा, लाकडात गेल्यावर तो साफ व्हायला हवा.

दुप्पट ऑइल: पुस्तिका ५०:१ म्हणत असेल तर लिटरला २० मिली, २५:१ म्हणत असेल तर ४०. जास्त घातलं की पेट्रोलचा वाटा घटतो, प्लगवर काजळी बसते. संपलं.

ताकद हवी असेल तर धार लावा. लो-प्रोफाइल चेनला ४ मिमीची गोल कानस घ्या. वरच्या कडेचा कोन ३० अंश, कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या माथ्यावर, फटका आतून बाहेर, आणि प्रत्येक दाताला सारखेच फटके. आधी सगळ्यात बुटका दात शोधा आणि बाकीचे त्याच्या लांबीवर आणा, नाहीतर काप वाकडा जातो.

आणि मामा, रेकर आधीच सपाट केले असतील तर ती चेन चढवू नका. नवी घ्या.